दोन संथ सेंटर बॅक आणि उरलेले नऊ

'फुटबॉल मॅनेजर' या गेममध्ये नवा क्लब हातात घेतला की बहुतेक जण आधी डावपेचांचं पान उघडतात. हिरव्या मैदानाच्या चित्रावर 4-3-3 टाकायचं, 'गेगेनप्रेस', म्हणजे चेंडू गमावताच तो परत मिळवायला तुटून पडण्याची तयार शैली, निवडायची, दोन्ही विंगर आत वळवायचे आणि मग रिकाम्या वाटणाऱ्या जागांसाठी बाजारात खेळाडू हुडकायचे. टीव्हीवर पाहिलेला आवडता संघ आपल्या क्लबात उतरवण्याचा हा खटाटोप. क्लब श्रीमंत असेल तर तो खपूनही जातो. पण इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतला, तिजोरीत खडखडाट असलेला, निम्मे खेळाडू लांबलचक करारांत अडकलेला क्लब असेल, तर दिवाळीच्या सुमाराला संचालक मंडळाची नाराजी कळायला लागते.

या प्रकरणात आपण उलट्या बाजूने निघू. आधी खेळाडू, त्यांच्यातही आधी उणिवा, आणि मांडणी सगळ्यांत शेवटी. संघाने कसं खेळावं हे सर्वोत्तम खेळाडूला काय येतं यावरून कमी ठरतं. मैदानात उतरवावाच लागेल अशा कमकुवत खेळाडूला काय जमत नाही, यावरून ते जास्त ठरतं. हे सगळ्यांना पटेल असं नाही. मोजक्या पैशांत चालणाऱ्या क्लबांपुरतं तरी मी ते ठामपणे म्हणेन.

खेळाडू वाचायचे म्हणजे आकडे वाचायचे, म्हणून आधी त्या आकड्यांची थोडी हकीकत. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधल्या दोन भावांनी बनवलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' 1992 मध्ये बाजारात आला. पुढे त्यांची 'स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह' ही कंपनी आणि प्रकाशक आयडॉस यांची फारकत झाली. गेमचं नाव आयडॉसकडे राहिलं, खेळाडूंची माहिती आणि गेमचा गाभा कॉलियर बंधूंकडे. 2004 च्या अखेरीस तोच गाभा सेगाने 'फुटबॉल मॅनेजर 2005' या नावाने आणला. आज त्यात गोलरक्षक सोडून प्रत्येक खेळाडू 36 गुणांत मोजलेला असतो. 14 तंत्राचे, 14 डोक्याचे, 8 शरीराचे आणि प्रत्येकाला 1 ते 20 मधला एक आकडा. पडद्यावर न दिसणारेही काही गुण असतात : सातत्य, मोठ्या सामन्यात उभं राहण्याची तयारी, दुखापतीची प्रवृत्ती. या सगळ्यांच्या तळाशी 200 पैकी दोन गुप्त आकडे, एक आजच्या कुवतीचा आणि एक उद्या कुठवर मजल जाईल याचा.

हे आकडे माणसं भरतात. जगभर विखुरलेले निरीक्षक आपापल्या क्लबांचे सामने पाहून खेळाडूंना गुण देतात. त्यामुळे माहिती कधी थक्क करण्याइतकी अचूक असते. 2008 मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबाने खेळाडू शोधण्यासाठी तीच वापरण्याचा करार केला होता. आणि कधी ती निव्वळ थाप असते. 2001-02 च्या आवृत्तीत पोर्तुगालच्या गौव्हेया या छोट्या क्लबात टो मडेरा नावाचा अफाट स्ट्रायकर होता. देशोदेशीच्या मॅनेजरांनी त्याला घेऊन करंडकांच्या राशी लावल्या, आणि असा खेळाडू प्रत्यक्षात नव्हताच! नंतरच्या दुरुस्तीत त्याला गुपचूप वगळण्यात आलं.

तुमच्या स्वतःच्या खेळाडूंपुरतं मात्र पडद्यावरचा आकडा हेच सत्य. सामना त्याच आकड्यांवर चालतो. दुसऱ्या क्लबातला खेळाडू स्काउटने नीट पाहिलेला नसेल तर त्याचे गुण '9 ते 14' असे धूसर दिसतात, पण घरच्या सेंटर बॅकचा पेस, म्हणजे वेग, 9 असेल तर तो 9 आहे. खऱ्या प्रशिक्षकाला इतकी खात्री जन्मात मिळत नाही. मग या खात्रीचा फायदा सोडून लोक चांदण्यांकडे का बघतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

त्या चांदण्यांचं असं आहे. खेळाडूच्या नावापुढे दिसणाऱ्या अडीच, तीन, चार चांदण्या हे तुमच्या हाताखालच्या प्रशिक्षकाचं मत असतं. प्रशिक्षक पारखी नसेल तर मत कच्चं. शिवाय ते तुमच्याच संघाशी तुलना करून दिलेलं असतं. वर्गातला पहिला नंबर आणि परीक्षेतले गुण यांत जो फरक तोच इथे. एखादा फार चांगला खेळाडू विकत घेतला की बाकीच्यांच्या चांदण्या उतरतात, खेळ मात्र कालचाच असतो. सहायकाने 'चार चांदण्यांचा' म्हणून सुचवलेला मिडफिल्डर तुमच्या पद्धतीत पूर्ण निरुपयोगी असू शकतो, कारण चांदण्या एकूण कुवत सांगतात आणि ती कुवत कोणत्या गुणांत खर्च झाली आहे हे सांगत नाहीत. एकसारख्या कुवतीचे दोन सेंटर बॅक घ्या. एकाची शिल्लक पळण्यात असते, दुसऱ्याची उडीत. त्या दोघांसोबत खेळायचे डावपेच जवळजवळ विरुद्ध टोकांचे असतात.

आकडा किती मोठा हेही लीगवर अवलंबून. पेस 12 असलेला फुलबॅक प्रीमियर लीगमध्ये विंगरांच्या मागे धापा टाकत राहील. खालच्या एखाद्या श्रेणीत तोच वेगवान ठरेल. म्हणून संघाच्या अहवालातली तुलना पाहावी. तिथे तुमच्या संघाची प्रत्येक गुणातली सरासरी लीगमधल्या इतर संघांशेजारी ठेवलेली असते. तुमचा संघ हवेतल्या चेंडूंत वरच्या तिघांत आणि पासिंगमध्ये तळाच्या तिघांत निघाला, तर छोटे छोटे पास करत पुढे सरकायचा बेत तिथल्या तिथे रद्द करायला हरकत नाही. वाईट वाटतं, पण हंगाम वाचतो.

एकेकटा आकडा वाचणं ही सर्वांत जास्त लोकांना फसवणारी सवय. फिनिशिंग 16 पाहून घेतलेला स्ट्रायकर दहा सामन्यांत एकच गोल करतो आणि मॅनेजर गेमला शिव्या घालतो. त्याचा 'ऑफ द बॉल', म्हणजे चेंडू नसताना मोकळी जागा शोधण्याचा गुण, 8 असेल तर तो गोल करण्याच्या जागी पोचणारच कधी? हेडिंगचं तसंच. डोकं चेंडूपर्यंत पोचतं ते जम्पिंग रीचमुळे, म्हणजे उडीच्या उंचीमुळे, हेडिंगचा उपयोग त्यानंतर. पळून पळून दबाव टाकायचा असेल तर वर्क रेट आणि स्टॅमिना दोन्ही लागतात. पहिला पळण्याची इच्छा, दुसरा पळण्याची ताकद. इच्छा 17 आणि ताकद 9 असलेला मिडफिल्डर साठाव्या मिनिटाला मैदानात असूनही नसतो. टॅकलिंग 15, आक्रमकता 18 आणि निर्णयक्षमता 8 असं त्रिकूट दिसलं, तर लाल कार्डाचा हिशेब धरूनच त्याला उतरवा. न दिसणाऱ्या गुणांसाठी प्रशिक्षकांच्या अहवालातली वाक्यं वाचावीत. 'मोठ्या सामन्यांत डगमगतो', 'खेळात सातत्य नाही' असले शेरे पुष्कळ जण न वाचताच पुढे सरकतात.

आता मुख्य कामाकडे. मी मागून पुढे येतो. समजा तुमचे दोन्ही सेंटर बॅक उंच आहेत, हेडिंग आणि जम्पिंग रीच पंधराच्या पुढे, जागा पकडण्यातही पक्के, पण पेस 9 आणि 10. लीगमधले स्ट्रायकर साधारण 14 चे. करार दोन वर्षांचे, बदली घ्यायला पैसे नाहीत. म्हणजे खेळणार हेच दोघं. या एका गोष्टीने बाकीच्या नऊ जणांचं नशीब ठरायला सुरुवात होते.

बचावाची रेषा वर ठेवली तर पाठीमागे मोकळं रान उरतं आणि तिथल्या शर्यतीत हे दोघं हरणार. तेव्हा रेषा खाली. रेषा खाली आणली आणि पुढच्यांना मात्र प्रतिस्पर्ध्याच्या पेटीपर्यंत जाऊन प्रेस करायला सांगितलं, तर मधे मोठी दरी पडते. प्रतिस्पर्ध्याचा कल्पक मिडफिल्डर त्या दरीत चेंडू घेऊन निवांत मान वर करतो. म्हणून दबाव टाकायला जिथून सुरुवात करायची ती रेषाही खाली. आता संघ आपल्या अर्ध्यात दाटीवाटीने उभा आहे आणि चेंडू बराच वेळ समोरच्याकडे राहणार. तो मधून घुसू नये म्हणून अरुंद बचाव करायचा. मग तो कडेने जाऊन क्रॉस टाकेल. टाकू दे. उंच सेंटर बॅक आपल्याकडे आहेतच, त्यांच्या डोक्यांना काम मिळेल. पाहा, चेंडू आता आपल्याला मिळणार तो आपल्या गोलपासून तीसएक मीटरवर, आणि समोर सत्तर मीटर मैदान. ते कुणी आणि कसं पार करायचं?

इथे पहिल्यांदा आपल्या चांगल्या खेळाडूंकडे वळायचं. पेस आणि ऑफ द बॉल चांगला असलेला स्ट्रायकर असेल तर त्याच्या पुढ्यात लांब पास. त्यासाठी पासिंग आणि दृष्टी असलेला एक मिडफिल्डर हवा, आणि त्याच्या शेजारी त्याच्या वाटचं पळणारा दुसरा. वेगवान कुणी नसेल पण दणकट स्ट्रायकर असेल तर चेंडू त्याच्या छातीवर, आणि त्याच्या आसपास धावत येणारा एखादा हरहुन्नरी. दोन्ही नसतील तर बाजारात जायची वेळ आता आली, आणि कुठल्या जागेसाठी कोणते तीन-चार गुण शोधायचे हेही आता ठाऊक आहे. ज्यांनी आधी बाजार उघडला होता त्यांना ते ठाऊक नव्हतं.

ही काही संगणकातली कसरत नव्हे. 2015-16 च्या प्रीमियर लीगमध्ये लीस्टर सिटीने नेमकं असंच केलं. वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ हे दोघं तिशी ओलांडलेले सेंटर बॅक, धिप्पाड, हवेत बळकट, पळण्यात बेताचे. प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांनी त्यांना पुढे ओढलं नाही. सप्टेंबरात आर्सेनलने लीस्टरच्याच मैदानावर 5-2 असं धुतल्यावर दोन्ही फुलबॅक बदलले. पुढे चढणारे काढले आणि जागा राखणारे डॅनी सिम्प्सन व क्रिस्टियन फुक्स आणले. त्यांच्या पुढे एन'गोलो कांटे दोघांचं पळत होता, शेजारून डॅनी ड्रिंकवॉटर लांब पास देत होता, आणि त्या पासांवर जेमी व्हार्डी झेपावत होता. डाव्या कडेला मार्क ऑलब्रायटन कष्टाळू, उजवीकडे रियाद महरेज मोकाट. कागदावर जुनाट 4-4-2, चेंडूवरचा ताबा निम्म्याहून बराच कमी. सुरुवातीच्या नऊ सामन्यांत एकदाही गोल खाल्ल्याशिवाय ते सुटले नव्हते. तसा सामना झाला तर पिझ्झा खिलवीन, असं रानिएरींनी कबूल केलं होतं. ऑक्टोबरअखेर क्रिस्टल पॅलेसला 1-0 ने हरवल्यावर तो त्यांना खिलवावा लागला. हंगामात 38 पैकी फक्त तीन पराभव, 81 गुण आणि विजेतेपद. व्हार्डीचे 24 गोल, महरेजचे 17.

लीस्टरची गोष्ट सांगताना सगळे व्हार्डी आणि महरेजवर थांबतात. मला त्यात मॉर्गन आणि हूथ दिसतात. त्या दोघांना न झेपणारं काम कधी सांगितलंच गेलं नाही, म्हणून पुढच्या दोघांना ती मोकळी जागा मिळाली.

संथ सेंटर बॅकवर दुसरे इलाजही आहेत. गोलरक्षक चपळ आणि धीट असेल तर तो रेषेमागची जागा झाडून काढू शकतो. एखादा वेगवान बचावपटू असेल तर तिघांची बचावफळी करून त्याला मधे ठेवता येतं. यातला कोणताही मार्ग निवडा, साखळी मात्र पुन्हा पहिल्या कडीपासून तपासायची. बहुतेकांचं इथेच बिनसतं. रेषा तेवढी बदलतात, बाकीचं तसंच राहू देतात.

गेगेनप्रेसबद्दल दोन शब्द, कारण तो सगळ्यांचा लाडका. या गेममध्ये तो परिणामकारक आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इंग्लंडमध्ये दुसऱ्या ते चौथ्या श्रेणीत लीगचेच 46 सामने असतात, वर चषकांचे. सोळा-सतरा भरवशाच्या खेळाडूंवर तेवढ्या सामन्यांत ती धावपळ करायला गेलात तर फेब्रुवारीत दवाखाना भरलेला. संघ तपासताना पहिले अकरा मोजून थांबू नये ते यासाठी. प्रत्येक जागेवर दुसरं नाव लिहा आणि ते दुसरं नाव तीच पद्धत खेळू शकतं का ते पाहा. जमत नसेल तर संपूर्ण संघाला झेपेल इतपतच पळायला सांगा.

भूमिका वाटतानाही एकटा खेळाडू बघू नये, जोड्या बघाव्यात. विंगर आत वळणारा असेल तर बाहेरची पट्टी फुलबॅकने घ्यावी. विंगर रेषेला चिकटून राहणारा असेल तर फुलबॅकने मागे थांबलेलं बरं. दोन मिडफिल्डरांपैकी एक वर गेला तर दुसरा थांबला पाहिजे. चेंडू समोर गेल्यावर मागे किती जण उरतात ते मोजायचं. संथ सेंटर बॅक असतील तर मी मागे चौघांपेक्षा कमी ठेवत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर 26' मध्ये चेंडू आपल्याकडे असताना एक मांडणी आणि नसताना दुसरी, अशी सोय आहे. माझा सल्ला, चेंडू नसतानाची आधी आखा.

भारतातल्या लीगही या गेममध्ये खेळता येतात आणि तिथे ही सगळी पद्धत अधिकच टोकदार होते. इंडियन सुपर लीगमध्ये 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवायला परवानगी मिळाली. त्याआधी पाच होते. मुंबई सिटी किंवा एफसी गोवा हातात घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच की हे चार कुठे खर्चायचे. लीगच्या सुरुवातीच्या वर्षांत परदेशी गोलरक्षक दिसत, केरळकडे तर इंग्लंडचा डेव्हिड जेम्स होता. आता ती जागा बहुतेक सगळे क्लब भारतीय खेळाडूला देतात, कारण तिथे आपल्याकडे चांगले पर्याय आहेत. कडेचे खेळाडूही मिळतात. टंचाई असते ती स्ट्रायकरची आणि मधल्या कण्याची.

प्रत्यक्षातलं उदाहरण सर्जिओ लोबेरा यांचं. 2017 ते 2020 ते एफसी गोव्याचे प्रशिक्षक होते. मग मुंबईत आले तेव्हा गोव्यातली ओळखीची माणसं मुंबईच्या संघात दिसू लागली : मागे मुर्तदा फॉल, मधे चेंडू वाटणारा अहमद जाहू, पुढे कल्पक ह्यूगो बुमू. पद्धत कोणावर उभी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्याबरोबर आलेला चौथा, गोव्याचा मंदार राव देसाई, मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मुळात डावा विंगर. लोबेरांनी गोव्यातच त्याला डावा फुलबॅक केलं. पुढे चढणारा फुलबॅक हवा होता आणि त्यासाठी परदेशी जागा खर्चायची नव्हती. मुंबईने 2020-21 मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटच्या मिनिटाला गोल करून एटीके मोहन बागानला 2-1 असं हरवलं. गेममध्येही खेळाडूला नव्या जागेचा सराव देता येतो. विंगरला फुलबॅक करताना त्याचा वर्क रेट, स्टॅमिना आणि पोझिशनिंग बघा. पहिले दोन असतील तर तिसरं काही महिने सांभाळून घेता येतं.

सामन्याचा एकूण पवित्रा, म्हणजे 'अति बचावात्मक' पासून 'अति आक्रमक' पर्यंतची पायरी, यावर फार वेळ घालवू नये. एवढंच लक्षात असू द्या की ती एक कळ दाबली की खेळाचा वेग, रुंदी, बचावाची रेषा, जोखीम सगळं एकदम सरकतं. ऐंशीव्या मिनिटाला गोल हवा म्हणून 'आक्रमक' केलं की इतक्या कष्टाने खाली ठेवलेली रेषाही वर जाते आणि आपले दोघं पुन्हा शर्यतीत सापडतात. पवित्रा वाढवलात तर रेषा हाताने खाली आणा.

मांडणी ठरली की तिला वेळ द्यावा लागतो. संघाला डावपेच अंगवळणी पडायला सरावाचे आठवडे जातात आणि त्याची पट्टी पडद्यावर दिसते. दोन पराभवांत सगळं मोडणारा मॅनेजर ती पट्टी दरवेळी अर्ध्यावर आणतो. निकालापेक्षा संधींचा दर्जा बघा. 2021 च्या आवृत्तीपासून अपेक्षित गोलांचा आकडा गेममध्ये आहे. चार सामने हरूनही तो आकडा तुमच्या बाजूने असेल तर हात लावू नका. जिंकूनही तो सतत विरुद्ध असेल तर गोल कसे खाता ते पाहा : पाठीमागच्या चेंडूवर, क्रॉसवर की कॉर्नरवर. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

इतरांनी बनवलेले तयार डावपेच उतरवून घेणाऱ्यांना पाहून जुने खेळाडू नाकं मुरडतात. मला त्यात गैर काही वाटत नाही, पुष्कळदा ते चांगले असतात. फक्त ते कुणाच्या तरी दुसऱ्याच खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून बनलेले असतात. म्हणून लावण्याआधी त्यातल्या सर्वांत जास्त पळावं लागणाऱ्या तीन जागा शोधा आणि तुमच्या संघातली तीन नावं त्यांच्यापुढे लिहा. तीन नावं भरली नाहीत, तर ते डावपेच परत ठेवा.